नववी ब ची तक्रार

सोमवार, ५ जानेवारी

थंडी कडाक्याची. आजपासून पाचला उठायचं ठरलं होतं. सव्वासातला उठलो. झोप पुरी न झालेला शिक्षक मुलांवर खेकसतो, म्हणजे हे मुलांच्या हिताचंच झालं.

पहिला तास नववी ब वर होता. पोचेपर्यंत संपत आला होता. मॉनिटरने फळ्यावर तारीख आणि विषय लिहून ठेवला होता. भाषा. अक्षर वळणदार. शिस्त लावली की मुलं आपोआप चालतात.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई स्टाफरूममध्ये आल्या. नववी ब ने सह्यांचं पत्र दिलंय म्हणाल्या, एका शिक्षकांबद्दल. नाव सगळ्यांसमोर घेणार नाही, त्यांच्याशी स्वतः बोलेन, शनिवारपर्यंत निर्णय. गणिताच्या बाई डब्याचं झाकण लावत बसल्या. ते आधीच लागलेलं होतं.

मला एका क्षणात कळलं. विज्ञानवाला. नोकरीला दीड वर्ष झालं, वर्गात आवाज चिरकतो, परवा त्याच्या प्रयोगात काही पेटलंच नाही. बिचारा.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, तुमच्याबद्दल नसेल ना? मी हसलो. एकवीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही. ही म्हणाली, काही माणसांकडे तक्रार करून उपयोग नसतो हे हळूहळू कळतं. आणि आत गेली. गुडघ्यांच्या डॉक्टरबद्दल म्हणत असावी.

मंगळवार, ६ जानेवारी

संकल्प: विज्ञानवाल्याला सावरायचं. मोठेपणा असतो तो अशा वेळी दाखवायचा.

त्याला लॅबमध्ये गाठलं. आडून आडून सांगितलं. वेळेवर वर्गात जावं. स्वतःच्या गोष्टी सांगत बसू नये, मुलांना त्यात रस नसतो. पोर्शन मागे पडू देऊ नये. तो घाबरून सगळं वहीत उतरवून घेत होता. मग त्याला माझ्या पहिल्या नोकरीची हकिकत सांगितली, नंतर वक्तृत्व स्पर्धेतल्या ढालीची. ऐकताना त्याने दोनदा घड्याळ पाहिलं. एकाग्रता कमी आहे.

या नादात नववी ब चा माझा तास बुडाला. चांगल्या कामासाठी बुडाला.

बुधवार, ७ जानेवारी

गारठा फार. नववी ब ला मैदानावर उन्हात बसवलं. सहावा धडा काढला होता, पण पहिल्याच परिच्छेदात ‘सभा’ हा शब्द आला आणि ढालीची आठवण निघाली. संपूर्ण भाषण हावभावांसह म्हणून दाखवलं. मुलं माना खाली घालून ऐकत होती. काहींच्या मांडीवर भूमिती होती, पण ती निव्वळ वर्गातून येताना हातात राहिली असणार.

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती. तास संपल्यावर जवळ आली. म्हणाली, सर, पुढचा धडा कधी? पोरीला केवढी गोडी लावलीय मी. म्हटलं, घाई करू नये, भाषा मुरावी लागते.

स्टाफरूममध्ये गणिताच्या बाईंनी खिडकीजवळची त्यांची उन्हातली खुर्ची मला दिली. कधी देत नाहीत. चहाही त्यांनीच आणून दिला. ज्येष्ठतेची जाण आता कुठे येतेय लोकांना.

गुरुवार, ८ जानेवारी

महत्त्वाचा दिवस. मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. नववी ब च्या पत्राबद्दल बोलायचंय म्हणाल्या. मग थांबल्या, पेपरवेट फिरवत राहिल्या. अवघडल्या होत्या. मीच सोपं केलं. म्हटलं, बाई, कोणाबद्दल आहे ते पहिल्या दिवशीच लक्षात आलंय माझ्या.

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला बरं वाटलं. म्हणाल्या, मला वाटलं होतं तुम्हाला फार लागेल. म्हटलं, लागतंच, पण मुलांचं वर्ष महत्त्वाचं. त्यांनी विचारलं, तुमचा पोर्शन कुठवर आलाय? अठरापैकी सहावा धडा. सखोल शिकवतो, हे सांगितलं.

मग म्हणाल्या, ऑर्डर काढावी लागेल, शब्द कसे वापरावेत कळत नाही, कोणाचा अपमान व्हायला नको. मी तिथल्या तिथे शब्द दिला, ड्राफ्ट मी करून देतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तुम्ही स्वतः लिहाल? विचार करा, म्हणाल्या. म्हटलं, कटू कामं ज्येष्ठांनीच करावीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की काय असं वाटलं. सर्दी असेल.

उपमुख्याध्यापकाची जागा जूनमध्ये रिकामी होतेय. उगीच नाही मला विश्वासात घेतलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

दोन ऑफ पीरियड आणि नववी ब चा तास, एवढ्या वेळात ड्राफ्ट पूर्ण. गुळमुळीत लिहिणं माझ्या स्वभावात नाही. ‘श्री.’ पुढे जागा सोडली, नाव बाईंनी भरावं. मजकूर असा:

‘यांना नववी ब च्या अध्यापनातून तत्काळ मुक्त करण्यात येत आहे. शिकवण्याच्या वेळी न शिकवणे ही चूक नसून विद्यार्थ्यांशी केलेली प्रतारणा आहे. सहानुभूतीला येथे जागा नाही.’

शेवटचं वाक्य तीनदा मोठ्याने वाचलं. हातात अजून जोर आहे.

हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, फार कडक झालंय, त्या माणसाला घर असेल, बायको असेल. म्हटलं, त्याचं लग्न व्हायचंय अजून. ही म्हणाली, कोणाचं? राजकारणातलं हिला कळत नाही.

शनिवार, १० जानेवारी

बाराला बोलावलं. ऑर्डर टाइप करून तयार होती. बाईंनी एक शब्द बदलला नव्हता. ‘श्री.’ पुढे माझं नाव होतं.

वाटलं, टायपिस्टची चूक. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाई आधी बोलल्या. म्हणाल्या, नोकरीत इतकी वर्षं काढली, पण स्वतःबद्दल एवढं खरं लिहून देणारा माणूस पाहिला नाही. मोठं मन लागतं. स्टाफलाही सांगितलंय मी.

मग मुलांचं पत्र पुढे ठेवलं. एक्कावन्न सह्या. ‘सर वाईट नाहीत. सर मारत नाहीत, ओरडत नाहीत. पण परीक्षा जवळ आली आहे आणि आम्हाला काही येत नाही.’ अक्षर पहिल्या बाकावरच्या मुलीचं. एकही चूक नव्हती. मी दोनदा शोधली.

सही केली. सोमवारपासून पाचवी क, शुद्धलेखन. नववीला नव्या बाई.

बाहेर विज्ञानवाला भेटला. म्हणाला, सर, तुमचे सल्ले फार उपयोगी पडले, पोर्शन वेळेत होईल आता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

निरोपाचे चार शब्द बोलावेत म्हणून नववी ब च्या दाराशी गेलो. मुलं उभी राहिली. बसा म्हटलं. पहिल्या बाकावरची म्हणाली, सर, आमच्या निबंधाच्या वह्या तुमच्याकडे राहिल्यात, सहामाहीपासून.

हिला जेवताना सांगितलं, पाचवी मीच मागून घेतली, पाया पक्का करायला माणूस हवा होता. हिने आमटी वाढली.

रविवार, ११ जानेवारी

वह्या कपाटाच्या माथ्यावर होत्या. एक्कावन्न. धूळ झटकून सकाळी आठला बसलो.

विषय होता ‘माझ्या घरातील एक आवाज’. मीच दिला होता, आठवत नव्हतं. एकाने शिलाई मशीनवर लिहिलंय. एकीने वडिलांच्या खोकल्यावर. तो थांबला की ती जागी होते, असं लिहिलंय. त्याखाली ‘छान’ लिहिणार होतो. खोडलं. दहा मिनिटं बसून चार ओळी लिहिल्या.

जेवायला उठलो नाही. हिने ताट टेबलावर आणून ठेवलं, वह्यांकडे पाहिलं, आणि संध्याकाळी येऊन दिवा लावून गेली. साडेसातला शेवटची झाली. प्रत्येक वहीत निदान तीन ओळी आहेत. पाठ मोडली.

उद्या मुलं वाचतील. वाचल्यावर काय वाटेल त्यांना, पत्र मागेसुद्धा घेतील.

सोमवार, १२ जानेवारी

वेळेच्या आधी पोचलो. वर्गात जायचं नाही म्हणून शिपायाच्या हाती गठ्ठा वर पाठवला.

पाच मिनिटांत तो गठ्ठा घेऊन खाली आला. नव्या बाईंनी नव्या वह्या घालायला लावल्यात. जुन्या नकोत म्हणाल्या, मुलांनाही विचारलं, कोणी मागितल्या नाहीत. रद्दीत टाकू का, त्याने विचारलं.

मी नको म्हणालो. पाचवीची घंटा झाली होती. गठ्ठा काखेत धरूनच वर्गात गेलो. मुलांनी विचारलं, सर, आमच्या वह्या आहेत का त्या? नाही म्हटलं. खाली ठेवायला जागा नव्हती, तशाच धरून शुद्धलेखनाचं पहिलं वाक्य सांगितलं.