मका, घोडा आणि बारा

सोमवार, १० जुलै २००६. सकाळी ७.
सुदेशने, म्हणजे चिरंजीवांनी, आपला जुना मोबाईल मला दिला. योगिनीचे निरोप आता यावर येणार. नात कोल्हापूरला नर्सिंगला गेली त्याला महिना झाला. पहिला निरोप आलाच: 'Ajo, rm chan. ladu 4 ch urle. tnx'. ना काना, ना वेलांटी. सहा वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून शाळेच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता चालीवर म्हणणारी मुलगी ही.
संकल्प: प्रत्येक निरोप कागदावर उतरवणे, तांबड्या शाईने तपासणे, शनिवारच्या टपालाने परत. तीन महिन्यांत पोर मार्गावर येईल. छत्तीस वर्षे मराठी शिकवले ते काही उगाच नाही.

शनिवार, १५ जुलै.
पहिला कागद रवाना. चुका सात. खाली उत्तेजन म्हणून लिहिले, 'अजून प्रयत्न हवा.' पोस्टातला शंकर म्हणत होता, मास्तर, सरळ फोन करा की. त्याला सांगितले, फोनवर ऱ्हस्वदीर्घ दिसत नाही. त्याने पाकिटावर शिक्का मारला. पटले असावे.

मंगळवार, २५ जुलै. दुपार.
निरोप: 'maka hay bara vatna nay'.
मालवणी, आणि तीही इंग्रजी अक्षरांत. या घरात माझा नियम स्पष्ट होता. जिभेवर मालवणी, कागदावर शुद्ध. मोबाईल हा कागदच धरायला हवा.
तपासणी: 'मका' हे धान्य. 'हय' म्हणजे घोडा. 'बारा' म्हणजे दहा अधिक दोन. शेरा: 'मका, घोडा आणि बारा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.'
स्वतःशीच बराच वेळ हसलो. अशा कोटीवर वर्गातला मागचा बाकसुद्धा हसायचा. तीही हसेल. शनिवारची वाट न बघता लगेच टाकला.

गुरुवार, ३ ऑगस्ट.
नऊ दिवस निरोप नाही. औषध लागू पडले. आता मुलगी लिहिण्याआधी विचार करते आहे.
मोबाईल पद्मावतीला देऊन टाकला. आमची ही सातवी पास, पण शेजारच्या सृष्टीकडून बटणे दाबायला शिकली. स्वयंपाकघरात दिवसभर टुणटुण. कुणाचे म्हणून विचारले. कंपनीचे, म्हणाली.
संध्याकाळी धक्क्यावर फिरून आलो. योगिनी माझे बोट धरून चालायची, एका पावलाला एक शब्द. कविता संपायची तेव्हा बरोबर धक्क्याचे टोक यायचे. आज टोक आले. कविता मधेच अडली.

शनिवार, १२ ऑगस्ट.
तपासायला काही नाही. तांबड्या पेनाची शाई सुकत चालली. सुदेश आणि सूनबाई कालपासून कणकवलीला कुणाकडे तरी गेलेत. कुणाकडे, ते नीट सांगत नाहीत. हिला जेवण जात नाही. पावसाळी हवा, दुसरे काय.

गुरुवार, १७ ऑगस्ट.
विजय. योगिनीचे पत्र. पूर्ण पान, देवनागरी.
'तीर्थरूप आजोबांस, योगिनीचा साष्टांग नमस्कार. मी येथे सुखरूप असून माझी प्रकृती उत्तम आहे. अभ्यास व्यवस्थित चालू आहे. आपण केलेल्या मार्गदर्शनाबद्दल मी आपली ऋणी आहे.'
एकही चूक नाही. तीनदा वाचले, शोधून. शेवटच्या दोन ओळी खाली उतरल्यात आणि अक्षर थरथरले आहे, म्हणून अर्धा गुण कापला. दहापैकी साडेनऊ. पोस्टात शंकरला वाचून दाखवले. वाचनालयात दोघांना. हिला दाखवायला गेलो तर चुलीकडे तोंड करून बसली. धूर फार होतो म्हणाली. गॅस आल्यापासून ती चूल पाणी तापवण्यापुरती.

रविवार, २० ऑगस्ट.
श्रावणात मी मासे घेत नाही, तरी हौसाबाईने टोपली खाली ठेवून मला रस्त्यात थांबवले. विचारले, "मास्तर, पोरीचो ताप उतारलो मा?"
कुठली पोर, म्हणालो. तिने डोक्यावरची चुंबळ सारखी केली. मग टोपली उचलून गेली.
घरी आलो. हिने मोबाईल पुढे केला. एकामागोमाग एक निरोप, सगळे मालवणीत, सगळे अशुद्ध. खोलीतल्या मुली तिच्या बोलण्याला हसतात. जेवण जात नाही. रात्री रडू येते. मग ताप. मग टायफॉईड. सहा दिवस इस्पितळात. सुदेश आणि सूनबाई कणकवलीला नव्हतेच.
पत्रावर तारीख १४ ऑगस्ट. म्हणजे खाटेवर पडून लिहिलेले.
मला का सांगितले नाही, असे विचारले. ही म्हणाली, "तिना पयला तुमकाच सांगल्यान. तुमी तिका घोडो शिकवलास."
मग तिने तो पंचवीस जुलैचा निरोप मोठ्याने वाचला. माका हंय बरा वाटना नाय. 'हंय' म्हणजे इथे. तिला कुठेही अडले नाही.

शनिवार, २६ ऑगस्ट.
उद्या चतुर्थी. योगिनी येत नाही. अशक्तपणा आहे, कोल्हापूरला मावशीकडे राहील. जन्मल्यापासून पहिली चतुर्थी तिच्याशिवाय. आरतीत माझ्या चुका तीच काढायची.
दुपारी मोबाईल मागून घेतला. एकेका अक्षराला दोनदोन, तीनतीनदा बटण दाबायचे. पाऊण तास लागला. 'maka hay bara vatna nay'. खाली नाव घातले नाही. तिला कळेल.
संकल्प: उत्तर आले तर तपासायचे नाही.

सोमवार, २८ ऑगस्ट. संध्याकाळ.
काल दिवसभर घर माणसांनी भरलेले. मोबाईल खिशात ठेवून होतो. टुणटुण झाली नाही.
आज आले. 'ajoba, ok. kalji ghyavi.'
पूर्वी 'Ajo' लिहायची.
काळजी घ्यावी. विध्यर्थ. कुठेही चूक नाही.