डोहाळजेवणानंतर घेऊ

मंगळवार, १४ जानेवारी २०२५, फुनाबोरी, टोकियो

बाळ आजही ऑक्सिजनवरच. तीन आठवड्यांचा जीव, आरएसव्ही विषाणूने छाती भरलीय. डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणात याची लस घेतली होती?" घेतली होती. पण लस घेतल्यावर चौथ्याच दिवशी, महिनाभर आधीच, बाळंत झाले. एवढ्यात अँटीबॉडीज बाळापर्यंत पोचत नाहीत. लॅबमध्ये मी दुसरं काय मोजते? ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायकांच्या नाळेच्या रक्तातल्या याच अँटीबॉडीज. त्यांचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, माझा दहा मिनिटांवर. पण डोहाळजेवणाला दंडावर फुलांचा बाजूबंद बांधायचा होता, लसीची सूज नको, म्हणून मीच म्हणाले, "नंतर घेऊ."

आईने पुण्याहून आज त्याच डोहाळजेवणाचा फोटो पाठवला. "बाजूबंद काय शोभून दिसतोय गं!" तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.

त्या बायकांच्या नमुन्यांपुढे मी लिहिते, लस उशिरा मिळाली. माझ्या बाळापुढे काय लिहू?