बंद बॅटऱ्यांचा प्रसाद

फुलसावंगी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

श्री. विठ्ठलराव यांस नानाजीचा रामराम. दिग्रसला सर्वांच्या तब्येती बऱ्या असतील. तुमचा गुडघा थंडीपर्यंत तरी शांत राहो. इकडे तुमची बहीण वच्छलाबाई आणि मी ठीक. कापसाच्या भावाचे विचारू नये.

मागच्या वर्षी खांडेनवमीच्या सकाळी अवजारांच्या पूजेसाठी मी विळा, कुऱ्हाड, डवरा धुऊन पाटावर मांडत होतो. डवऱ्याच्या पासेला, म्हणजे लोखंडी पात्याला, चार्जरची वायर गुंडाळलेली निघाली. घरातला कचरा उकिरड्यावर, उकिरड्याचे खत वावरात. म्हणजे वायरीसोबत कपाशीत मी फेकलेले सेलसुद्धा पेरत होतो. (उगवले नाहीत हे बरे. व्यापाऱ्याने तेही ओले म्हणून भाव पाडला असता.) मन खट्टू झाले. देवासमोर हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला की पुढच्या नवमीपर्यंत सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारी नवी वस्तू घरात आणणार नाही आणि बंद पडलेली फेकणार नाही. निश्चय टिकावा म्हणून उजेडाच्या तीन बंद बॅटऱ्या आणि एक मुका मोबाइल यांनाही हळदकुंकू लावले. पुजलेली वस्तू उकिरड्यावर टाकायला हात धजत नाही.

चूक तिथेच झाली. आठ दिवसांत शेजारचा रूपसिंग आपला बंद मोबाइल कुंकू लावूनच घेऊन आला. "नानाजी, याले तुमच्या देवाजवळ राहू द्या. फेकाचं पाप आमी कायले घ्याव? मी नवा घेतला." मग सोनीबाई आली, तिच्यामागे अर्धे गाव. पूर्वी लोक वस्तू फेकताना निदान हळहळत. आता माझ्याकडे ठेवून तसेच बाजारात जात. (मोबाइलचा दुकानदार मला दुरून हात जोडू लागला.) तुम्हीही भाऊबिजेला साडीच्या घडीत दोन बंद रेडिओ पाठवलेत, ते विसरलेलो नाही.

"देवाले बसाले जागा नाई उरली," वच्छलाबाई म्हणाली. "मेल्यायची सेवा करून राह्यले तुमी!" मी दोन रेडिओ उचलून खाली ठेवले. निश्चयाचेही सेलसारखेच असते. संपतो तेव्हा सांगत नाही, उजेड नुसता पिवळा पडत जातो.

परवा नवमीची पूजा झाली आणि मी ज्याची वस्तू त्याला, खोबऱ्याच्या तुकड्यासह, प्रसाद म्हणून घरोघर परत दिली. प्रसाद नाकारता येत नाही आणि फेकताही येत नाही. रूपसिंगने दोन्ही हात पुढे केले, मग पाहिले. "फसवलं ना मले, नानाजी!" पण काल तो मोबाइल घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला.

तुमचा,
नानाजी

ता. क. : तुमचे रेडिओ उद्या बसने पाठवतो. प्रसाद आहे, पत्र मिळताच स्टँडच्या पार्सलखोलीतून स्वतः येऊन घ्यावा.

आणखी एक : रेडिओच्या पिशवीत तळाशी एक नवी चार्जिंगची बॅटरीही ठेवणार आहे. पोळ्याच्या आधी दिग्रसला आलो तेव्हा तुमच्या ओळखीच्या दुकानातून घेतली. मोह झाला. तेव्हापासून तुरीच्या कोठीत लपवून आहे आणि आरतीला देवाकडे पाहवत नाही. पत्र लिहायचे खरे कारण हेच. दुकानदार परत घेतो का, पाहावे. बहिणीस कळवू नये.

सकाळी लिहितो : कळवायचे उरले नाही. कोठीत हात घातला तर माझ्या बॅटरीशेजारी सेलवर मंत्र म्हणणारा एक नवाकोरा डबा. मागे वच्छलाबाई उभी. "तुमची बॅटरी मले गणपतीपासून माईत हाय. म्हनूनच त मी हा आणला!" दोघांनी देवाजवळ कबुली दिली, पुढच्या नवमीसाठी पुन्हा पाणी सोडले, या वेळी दोघांच्या हातावरून. डबाही पिशवीत घातला आहे. पिशवी आताच गाडीत ठेवून आलो.