शून्य सेकंदांचं नाटक

८ सप्टेंबर
नाटक पूर्ण. 'मोहाखालचं मरण', तीन अंक. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत एकीचाही पदर कोरडा राहणार नाही. टायपिंग स्वतः केलं. कॉम्प्युटर स्वतःच शिकलो, क्लासला फी भरणारे वेगळे. वडशाचे नाटक कंपनीचे मालक भैयाजी माझ्या बायकोच्या, इंदूच्या माहेरचे. दसऱ्याला ते यंदाची नाटकं ठरवतात. त्यांना मेल केलं. ते व्हॉट्सॲपवर धाडा म्हणत होते. व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग जातं. साहित्य मेलने जातं.

११ सप्टेंबर
भैयाजींचा फोन. म्हणाले, गुणवंतभाऊ, माह्या मोबाईलवर उघडून नाई राह्यली, पीडीएफ धाडा. फाईलच्या नावामागचं docx खोडलं, pdf लिहिलं. कॉम्प्युटरने विचारलं, फाईल निकामी होऊ शकते, खात्री आहे का? खात्री नसती तर केलं असतं का? यस दाबलं. मेलमध्ये पीडीएफचं लाल चिन्ह आलं. आमच्या सिंदेवाहीत हे किती जणांना जमतं?

१२ सप्टेंबर
भैयाजी म्हणतात, फाईल खराब हाये असं येऊन राह्यलं. फाईल खराब असू शकत नाही, मी पाठवली आहे. दोष मेलच्या प्रोग्रामचा. अटॅचमेंट कोणत्या प्रकारची आहे हे त्याला ओळखताच येत नाही. मेलवाल्यांना इंग्रजीत कडक तक्रार लिहिली. तीही याच पद्धतीने पीडीएफ करून जोडली.

१७ सप्टेंबर, सकाळ
तक्रारीला उत्तर नाही. घाबरले असावेत.
भैयाजी म्हणाले, पानायचे फोटो तरी धाडा. शेवटी jpg लावलं. सगळ्या पानांचे फोटो, एका दमात. इंदू मागे उभी होती. म्हणाली, अवं, डब्यावरचं साखर खोडून मीठ लिवलं तं आतली साखर खारट होते काय? हिला कॉम्प्युटरमध्येही स्वयंपाकघर दिसतं.

संध्याकाळ
भैयाजींना नुसता काळा चौकोन दिसला. मेल पुन्हा चुकलं.

२२ सप्टेंबर
भैयाजी वैतागले. म्हणाले, भाऊ, तुमी वाचून रेकॉर्ड करा न् आवाजच धाडा, गाडीत आयकतो. घसा कशाला बसवायचा? mp3 लावलं. मेलने लगेच गाण्याचं चिन्ह दाखवलं. नायिकेला आवाज कोणाचा येतो, याची मलाही उत्सुकता आहे.

२३ सप्टेंबर
भैयाजींच्या मोबाईलनुसार माझं नाटक शून्य सेकंदांचं आहे. म्हणाले, आपले लोक शाल घेऊन रातभर बसतात गुणवंतभाऊ, इतक्यात तं पडदाबी नाई उघडत.
निर्णय: हे मेल कायमचं बंद. दुसऱ्या कंपनीचं खातं उघडणार.

२६ सप्टेंबर
नव्या खात्याला जुनीच खोड. सगळे आतून मिळालेले दिसतात. दसरा तोंडावर आला. अन्न गोड लागत नाही. आज चारच पोळ्या.

२९ सप्टेंबर
घरात फितुरी. इंदूने पेनड्राइव्ह नेला, झेरॉक्सवाल्या रिनाकडून नावामागे परत docx लावून नाटक कागदावर काढून घेतलं आणि वडशाला निघालेल्या शेजारच्या वारलूच्या हाती दिलं. मला न विचारता! मी भडकलो. ती म्हणाली, तुमाले मेल जिंकाचं हाये का नाटक लावाचं हाये? तिच्याशी बोलणं बंद. चहापर्यंत.
एका अर्थी बरंच झालं. आता मध्ये मेल नाही. निकाल ठरलेलाच. पोस्टरसाठी फोटो काढून आलो. समोरून, आणि विचारात असताना.

२ ऑक्टोबर, दसरा
फोन आला. भैयाजींनी अख्खं नाटक वाचलं, सगळ्या कंपनीसमोर. म्हणाले, नाई जमत भाऊ. मी सवयीने म्हणालो, मेलने काहीतरी... मग आठवलं, कागद होते.
म्हणाले, पण साप चावल्यावर तुमचा नायक चार पानं बोलते, वरून ब्रम्हपुरीच्या बसचं टाइमटेबल सांगते, तेवढा सीन द्या. आमच्या नाटकात कॉमेडीले घेतो. हासून हासून आमचा तबलेवाला खाली पडला.
ते टाइमटेबल मी स्टँडवर उभं राहून तपासलं होतं. एक मिनिटाची चूक नाही.
म्हटलं, हा साहित्याचा अपमान आहे, विचार करून सांगतो. ते बरं म्हणाले. फोन ठेवतील असं वाटलं, म्हणून विचारलं, पोस्टरवर नाव येईल?
म्हणाले, जागा उरली तं. लाइटवाल्याच्या खाली.
हो म्हटलं.