दोरीच्या आतली बाहुली

आये, गेल्या महिन्यात सड्यावर, आपल्या त्या कातळाच्या माळावर गेले होते. तू जिथे गवत कापायचीस तिथे आता संरक्षित उद्यान झालंय. फाटक, बाकडी, मालवणहून गाड्या भरून येणारी माणसं. कातळावर कोरलेल्या आपल्या बाहुलीभोवती दोरी बांधलीय आणि शेजारी फलक लावलाय, ‘विस्मृतीत गेलेली प्राचीन शिल्पे’. वाचून माझं डोकंच फिरलं. कोण विसरलं होतं? दरवर्षी गवत कापून झालं की खराटा घेऊन तिच्या हातापायांच्या खाचांतली माती काढणारी तू विसरली होतीस?

मी सात-आठ वर्षांची असेन. पळता पळता तिच्या पोटावर पाय देते आणि तू विळा टाकून ओरडतेस, “पाय काढ गो! तुझ्या आदीपासून ती हंय निजली आसा.” मग मला जवळ बसवून एकेक खाच बोटाने साफ करायला लावतेस. तिला कधी फूल वाहिलं नाहीस की नारळ ठेवला नाहीस. झाडायचं आणि भारा उचलून घरी यायचं, एवढंच.

आता त्या खाचांत पालापाचोळा कुजत होता. आणि म्हणे जपतात! मी चपला काढल्या, दोरी ओलांडली आणि पदरानेच झाडायला बसले. पहारेकरी धावत आला. “अहो मॅडम, बाहेर या. शिल्पाला हात लावायचा नाही. तुम्ही कोण?”

एरवी अशा माणसांशी मी शुद्ध बोलते. त्या दिवशी नाही बोलले. “माझ्या आवशीन हिका जल्मभर झाडल्यान. माका कोण म्हणान इचारतस?” साहेबांना बोलावतो म्हणाला. म्हटलं, बोलव. तिचे दोन्ही पाय झाडून होईपर्यंत मी जागची हलले नाही. पुढच्या वर्षी खराटा घेऊनच जाणार आहे, काय करायचं ते करू देत.

हे पत्र तुला पाठवायचं कुठे, आणि पत्ता असता तरी मी धाडलं नसतं. शाळेची सहल सड्यावर आली होती, त्या दिवशी तू गुडघे टेकून बाहुली झाडत होतीस. लुगडं मातीने भरलेलं. मैत्रिणीने मला विचारलं, “ही कोण गो?” तू वर बघितलंस. मी म्हटलं, “माका म्हायत नाय.” तू पुन्हा खाली वाकून झाडत राहिलीस. तुला ऐकू गेलं होतं का, ते मी कधीच विचारलं नाही.