फ्रेडरिकचे मरण, पहिल्याच दृश्यात

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

फ्रेडरिकला मारणार आहेत — आणि तेही पहिल्याच दृश्यात!

निर्मळच्या तळ्याकडे फिरायला जाताना त्याने ही बातमी मला अशी दिली, जणू पारितोषिकच मिळाले आहे. चाळीस वर्षांपूर्वी दूरदर्शनवर ‘सातवी खूण’ ही आमची रहस्यमालिका तेरा आठवडे चालली. संवाद माझे, गुप्तहेर फ्रेडरिक. त्या काळी तो वाडीतली भाजी घेऊन बाजारात गेला, की बायका त्याला हरवलेल्या कोंबड्यांचा तपास करायला सांगत. आता एक कंपनी तीच मालिका मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी नव्याने करीत आहे. गुप्तहेर म्हणजे नालासोपाऱ्यात राहणारी एक तरुणी. त्याला माझी हरकत नाही. फ्रेडरिकच्या वाट्याला मात्र केळीच्या वाडीत मृतावस्थेत सापडणारा म्हातारा माळी आला आहे. वाक्य एकही नाही!

मी म्हणालो, नकार दे. ज्याने तेरा खुनी पकडले, त्याने प्रेत व्हावे?

“पाठांतर तरी नाही ना,” तो म्हणाला.

चर्चच्या वळणावर आम्ही निरोप न घेताच वेगळे झालो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नव्या मालिकेची लेखिका स्वप्नाली घरी आली. चपला दाराबाहेर काढल्या, एवढे तिच्या बाजूने नोंदवतो. मराठीत निम्मे इंग्रजी.

मी तिला शांतपणे समजावले, की पूर्ण झालेली गोष्ट पुन्हा करू नये. उत्तीर्ण झालेला मनुष्य त्याच परीक्षेला पुन्हा बसत नाही. शिवाय आमच्या एका भागातला खुनी उशिरा पोहोचलेल्या तारेमुळे सापडतो. आज मोबाइल त्याचा ठावठिकाणा मिनिटात सांगेल. मग रहस्य उरले कुठे?

“सर, फोन आल्यापासून लोक खोटं बोलायचे थांबलेत का?”

उत्तर होते. ते ती गेल्यावर सुचले आणि पत्नीला, आल्बिनाला, ऐकवले. आल्बिनाने वाटाणे सोलणे थांबवले नाही.

स्वप्नालीची खरी विनंती वेगळीच होती. आमच्या गावात दफनापूर्वी दिवंगताविषयी दोन शब्द बोलण्याची रीत आहे आणि गेली कित्येक वर्षे ते काम माझ्याकडे आहे, हे तिला कोणीतरी सांगितले होते. मालिकेतल्या म्हाताऱ्याच्या शवपेटीपाशीही मीच बोलावे, असे तिचे म्हणणे. मी स्पष्ट नकार दिला. ते शब्द खोट्या मृतासाठी नसतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

चर्चमधली मिस्सा संपल्यावर फ्रेडरिक दुसऱ्या दाराने गेला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आल्बिनाच्या मोबाइलवर ‘सातवी खूण’चे दोन भाग पाहिले. कोणीतरी ते जपून ठेवले आहेत. माझ्या समजुतीपेक्षा मालिका फारच संथ आहे. एक मनुष्य जिना चढतो, तो चढतच राहतो.

आल्बिना हसू लागली. मी कारण विचारले.

“तुमचा इन्स्पेक्टर तुमच्यासारखा बोलतो, माळी तुमच्यासारखा बोलतो. आता तो चोर बघा. पळता पळता मराठीचा तास घेतोय.”

जुन्याला हात लावू नये, हे माझे मत कायम आहे. मात्र जुने निर्दोष होते, असे आज मला लिहिता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली — तीच वाक्ये फ्रेडरिकच्या तोंडी आली, की माणसाची वाटतात. हे कसे, ते कळले नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दहा-अकरा दिवस एकट्याने फिरतो आहे. बोलायला कोणी नसल्यामुळे फेरी लवकर संपते.

सकाळी फ्रेडरिक फाटकाशी आला. स्कूटरवरून उतरला नाही.

“तू नाही बोललास, तर ते मुंबईचा नट आणणार. मला ओळखत नाही असा माणूस माझ्यावर बोलणार.”

“तुझ्यावर नव्हे. त्या म्हाताऱ्यावर.”

“पेटीत कोण झोपणार आहे, सॅन्टन? मीच ना?”

मी विचार करतो म्हणालो. त्याने स्कूटर वळवली. आल्बिना आतून म्हणाली, की विचार करण्यासारखे यात काय आहे, हे तिला समजले नाही.

मग स्वप्नालीला फोन करून होकार कळवला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सांडोरला एका घराच्या ओसरीवर चित्रीकरण झाले. शोक करण्यासाठी गावातल्याच बायका बोलावल्या होत्या. त्यांना रडू येईना. फ्रेडरिक सकाळपासून उपाशी होता आणि पेटीतून त्याच्या पोटाचा आवाज येत होता. त्या बायकांतल्या ग्लोरियाने तर तोंडात पदर कोंबला. आल्बिना म्हणाली, प्रेताला आधी चहा-पाव द्या. दिला. मृताने दोन पाव खाल्ले आणि पुन्हा हात जुळवून आडवा झाला.

मग मी उभा राहिलो. म्हाताऱ्या माळ्याविषयी चार वाक्ये दिली होती. पहिले म्हटले. दुसऱ्यापूर्वी पेटीत पाहिले आणि पुढचे काही आठवेना.

जे बोललो, ते येथे नोंदवून ठेवतो. मला कावीळ झाली, तेव्हा महिनाभर हा मनुष्य रोज सायकलवरून उसाचा रस आणीत असे आणि मी तो संपवीपर्यंत दारातून हलत नसे. माझे संवाद इतके लांब असत, की वाक्य पुरे होण्याआधी श्वास संपे. वाडीला पाणी देताना ते मोठ्याने म्हणून म्हणून त्याने तोंडात बसवले. ‘हे बोलता येत नाही’ असे तो एकदाही म्हणाला नाही. लोकांनी लेखकाचे कौतुक केले, तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या त्याच्या होत्या.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फ्रेडरिकच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेले.

कॅमेरावाला म्हणाला, प्रेत रडले, पुन्हा घ्यावे लागेल. मी पुन्हा बोलणार नाही, असे सांगितले. अखेर राखीव म्हणून आणलेला मुंबईचा नट उभा राहिला. चारही वाक्ये त्याला पाठ होती.

रविवार, १४ डिसेंबर

स्वप्नालीचा फोन. फार दिलगीर होती. दफनाचे दृश्य संपूर्ण काढून टाकले. आता गोष्ट तपासापासूनच सुरू होते. फ्रेडरिक केवळ भिंतीवर, हार घातलेल्या तसबिरीत!

मला राग आला. तडक त्याच्या वाडीत गेलो. तो पालकाच्या जुड्या बांधीत होता. मी म्हणालो, पाहिलेस? यासाठी प्रेत झालास?

त्याने हातातली जुडी बांधून पुरी केली.

“मला टीव्हीत दिसायचंच नव्हतं रे. गावात इतक्या जणांच्या पेटीपाशी तू बोललास. दर वेळी वाटायचं, माझ्या वेळी हा काय बोलेल? आणि ते सगळ्या गावाला ऐकू जाणार, मला सोडून.”

मी पालकाच्या चार जुड्या बांधल्या. त्या त्याने सोडून पुन्हा बांधल्या.

सोमवार, १५ डिसेंबर

फेरीनंतर फ्रेडरिकने मला त्याच्या ओसरीच्या बाकावर आडवे व्हायला लावले. “डोळे मीट. आता मी बोलतो.” पहिल्याच वाक्यात तीन चुका. मी काही बोललो नाही. मी मृत होतो.