ज्याचं झाड अडकलं त्यानं

मी, अय्याद बिन मबारक, वय बावीस, धंदा लाकूडतोड, मूळचा झागोराखालच्या खजुराच्या मळ्यांतला, सध्या मुक्काम आइत वर्दान, अझरूच्या वरचा डोंगर, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नये. मी आजारी नाही, नशेत नाही, डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. धाक आहे तो झाडाचा. अशा कागदात "स्वखुशीने" लिहायची रीत आहे म्हणतात. ते मी लिहीत नाही.

कारण असे की, लल्ला तूदा या विधवा बाईने हिवाळ्याचं लाकूड बाजारातल्या बूसलहामकडून घेतलं. लाकूड इथे तोलून विकतात, म्हणून तो गंजीवर पाणी मारतो. ते लाकूड शेगडीत घातलं की नुसतं सूं सूं करतं आणि फेस काढतं. घरभर धूर, ऊब नाही. बाई खोकून खोकून अर्धी झाली. मग म्हणाली, "माझ्या बांधावरचा वठलेला ओक पाडा. तो तरी माझ्याशी खोटं बोलणार नाही."

हद्दूदादा आणि मी बुधवारी गेलो. हद्दूदादा म्हणजे ज्याच्या हाताखाली मी हे काम शिकलो तो. तो म्हणाला, आधी भोवती फीर, कल बघ. पण मला कुठेच दम धरवत नाही. मी करवत लावली. वठलेलं लाकूड, त्याचा काय भरवसा, मधेच मोडलं, झाड फिरलं आणि शेजारच्या झाडाच्या बेचक्यात जाऊन टेकलं. पडलं नाही. उभंही नाही. बुंध्याला हातभर लाकूड अजून धरून आहे. तेवढ्यात बर्फ सुरू झाला आणि आम्ही खाली आलो.

त्या झाडाखालून झऱ्याची वाट जाते. गावातल्या बायका तिथूनच पाणी आणतात. हद्दूदादाने फांद्या टाकून वाट अडवली, पण दुसरी वाट लांब, आणि बायका फांद्या उचलून जातातच. काल बर्फ थांबला. तेव्हापासून वारा सुटला आहे. इथल्या लाकूडतोड्यांचा नियम असा, की ज्याचं झाड अडकलं त्यानंच ते सोडवायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणून हा कागद.

१. माझ्या मागे आई आणि बहीण आहेत. धर्मात त्यांचे वाटे ठरलेले आहेत, त्यात मी बोट घालत नाही. मर्जीने द्यायला धर्म तिसराच हिस्सा मोकळा ठेवतो, खालचं सगळं त्यातलं समजावं. तेवढंही भरणार नाही.

२. खजुरावर चढायचा काथ्याचा दोर. हा माझ्या बापाचा. तो ह्याच दोरासकट झाडावरून खाली आला. दोर तुटला नव्हता, झावळी तुटली होती. तेव्हापासून मी झाडांपासून पळत आलो. मराकेशला भट्टीवर पाव भाजले, अगादीरला मासळीच्या होड्या धुतल्या. कुठे एक हिवाळा टिकलो नाही. आणि पळत पळत आलो कुठे, तर झाडांतच. दोर आज लागणार आहे. आधी धरून राहिलेलं लाकूड करवतीने कापायचं, मग दोर बुंध्याला बांधून लांबून खेचराने ओढायचा आहे. उरला तर बहिणीच्या मुलाला द्यावा, पण चढायला नाही. बकरी बांधायला.

३. अंगातला लोकरी झगा लल्ला तूदाच्या नवऱ्याचा आहे. तो तिचा तिला परत. फाटला असेल तर माफी.

४. बूसलहामला त्याचंच एक टोपलं ओलं लाकूड द्यावं. त्याने ते आपल्या घरात, दारं-खिडक्या लावून जाळावं. त्याला मी माफ केलेलं नाही. मेल्यावर करीन असंही वाटत नाही.

५. काल मी बसच्या थांब्यावर गेलो होतो. पिशवी घेऊनच. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर ओरडला, "चढतोस का, की निरोप द्यायला आलायस?" मी चढलो नाही. याची कोणी तारीफ करू नये. समोरून झऱ्यावरून आलेल्या दोन बायका पाण्याचे डबे पाठीला बांधून वर निघाल्या होत्या, आणि त्यांच्या केसांवर लाकडाचा भुसा होता. वाऱ्याने ते झाड हलतंय, झडतंय. मी पिशवी खाली ठेवली. बस गेली.

६. मला इथेच पुरावं, उन्हाच्या अंगाला. आईला "झाड" म्हणू नये. ताप म्हणावं.

७. कुऱ्हाड आणि दोन लोखंडी पाचरी. यावरून वाद झाला म्हणून सविस्तर लिहितो. त्या हद्दूदादालाच द्यायच्या होत्या. पण मी त्याला साक्षीदार केलं, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही, असं मशिदीत धर्माचे कायदे सांगणारे फकीह सी झेरवाल म्हणतात. म्हणून त्या मशिदीला.

हे मी सगळ्यांसमोर, लल्ला तूदाच्या शेगडीपाशी, वाचून दाखवलं. हद्दूदादाने सही केली आणि विचारलं, "मलाच का साक्षीदार? गावात माणसं मेली का?"

मी खरं सांगितलं. "साक्षीदार जिवंत राहायला लागतो. तुला तीन लेकरं आहेत. तू वर यायचं नाहीस."

"अस्सं! म्हणजे मला कागदाने बांधून घालतोस? आणि करवत चालू असताना शेंड्याकडे कोण बघणार? तुझा बाप?"

"नियम आहे, दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"हात कोण लावतंय, खजूरवाल्या? मी काठी घेऊन मागे उभा राहणार. शेंडा हलला की पाठीत ढोसणार. ढोसलं की पळायचं. पळायला तर तुला कोणी शिकवायला नको!"

लल्ला तूदा खोकत हसली. म्हणाली, "दे इकडे तो कागद. माझं झाड, माझा धूर, मीच साक्षीदार. आणि झगा परत नकोय मला. घालून ये."

मला अजूनही भीती वाटते. पण तिने चहा ओतला तेव्हा मी प्यालो.

८. सबब कलम ७ बदलले. हद्दूदादा आता साक्षीदार नाही, म्हणून कुऱ्हाड आणि पाचरी त्याच्या. तोही झाडाखाली सापडला, तर त्याच्या थोरल्या मुलीच्या.

खाडाखोड माझ्या समोर झाली, ती बरोबर आहे.

सही: अय्याद बिन मबारक

साक्षीदार
१. ~~हद्दू ऊ-मोहा~~ (खोडले. खोडणाऱ्याची सही: हद्दू. कारण: वर बघायला जातो.)
१. तूदा, उस्मानची विधवा. डाव्या हाताचा अंगठा.
२. सी झेरवाल, फकीह.

ठिकाण: आइत वर्दान, लल्ला तूदाचं घर
तारीख: २० जानेवारी २०२३, शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर, उजेड आहे तोवर